हॅगार्ड, हेन्टी आणि मंडळी: साहसकथेत साम्राज्य नेमकं कुठल्या पानावर असतं?

दौतलेखणी (धागाकर्ता)

रायडर हॅगार्डची 'किंग सॉलोमन्स माइन्स' (१८८५) किंवा जी. ए. हेन्टीच्या पोरांसाठीच्या लढाईकथा निघाल्या की चर्चा दोनपैकी एका वाटेने जाते. एक तर 'त्या काळी सगळे असंच लिहायचे, सोडून द्या', नाहीतर 'वंशवादी कचरा'. दोन्ही वाटांवर पुस्तक उघडायची गरज पडत नाही. इथे पानावर काय छापलंय ते धरून बोलू या. सुरुवात जमाखर्चापासून करतो.

हॅगार्डचा निवेदक अ‍ॅलन क्वाटरमेन हा डर्बनला राहणारा, पंचावन्न वर्षांचा हत्तींचा शिकारी. सर हेन्री कर्टिस हरवलेल्या भावाच्या शोधात निघालाय, त्याला वाटाड्या हवाय. होकार देण्याआधी क्वाटरमेन तीन बोली करतो. सगळा खर्च सर हेन्रीचा, आणि हस्तिदंत किंवा इतर मौल्यवान माल हाती लागला तर तो क्वाटरमेन आणि कॅप्टन गुड यांनी वाटून घ्यायचा. निघण्याआधी ५०० पौंड रोख. शिवाय आपण मेलो किंवा जायबंदी झालो तर लंडनच्या गाइज हॉस्पिटलात डॉक्टरी शिकणाऱ्या मुलाला पाच वर्षं दरसाल २०० पौंड, तेही कागदावर लिहून. म्हणजे माणूस परत आला नाही तर एकूण १,५०० पौंड. तुलनेसाठी, प्रवासाचा बावीस फुटी गाडा याच पुस्तकात १२५ पौंडांना येतो, बैल वेगळे.

झेंडा, राणी, सुधारणा यातलं काहीही या बोलीत नाही. आहे ती मुलाच्या शिक्षणाची सोय. वसाहतीत पोट भरणाऱ्या गोऱ्या माणसाचं गणित असंच असायचं आणि हॅगार्डला ते जवळून ठाऊक होतं.

आता त्याच तांड्यातल्या इतरांचा हिशेब बघा. खिवा हा झुलू पोरगा कॅप्टन गुडला चवताळलेल्या हत्तीपासून वाचवताना मरतो. व्हेंटफोगेल डोंगरावर थंडीने गोठून मरतो. उंबोपा तर पैसेच नकोत म्हणतो, जागा आणि जेवण द्या, पुरे. (पुढे तोच कुकुआनांचा, म्हणजे डोंगरापलीकडच्या कल्पित राज्यातल्या लोकांचा, खरा राजा इग्नोसी निघतो.) खिवा आणि व्हेंटफोगेल यांच्या मागे राहिलेल्यांसाठी एकही कलम नाही. आणि शेवटी क्वाटरमेनने खिशात भरून आणलेल्या हिऱ्यांपैकी थोड्याशाच हिऱ्यांना लंडनचे जवाहिरे १,८०,००० पौंड देऊ करतात.

हॅगार्ड या विषमतेवर बोट ठेवत नाही, पण आकडे लपवतही नाही. म्हणून म्हणतो, आधी हिशेबाची पानं वाचा, गगूल या म्हाताऱ्या चेटकिणीची वर्णनं मागाहून.


पायवाट

हिशेबाचा मुद्दा मान्य. पण हॅगार्डला सरळ साम्राज्याचा भाट ठरवता येत नाही. शेवटचं इग्नोसीचं भाषण काढून बघा. बंदुका आणि दारू घेऊन येणारा गोरा व्यापारी माझ्या राज्यात नको. आम्ही वाडवडिलांसारखे भाल्याने लढू आणि पाणी पिऊ. धर्मोपदेशकही नको, ते प्रजेला राजाविरुद्ध उठवतात आणि मागून येणाऱ्या गोऱ्यांसाठी वाट करून देतात. १८८५ मध्ये, लंडनमध्ये, पोरांच्या पुस्तकात हे छापलं गेलं. पहिल्या वर्षात ३१,००० प्रती खपल्या.


खलिता

हे भाषण नेहमी पुढे केलं जातं. त्याच्या बऱ्याच आधीचं एक वचन मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते पुस्तकाची किल्ली तिथे आहे.

लढाईला उतरण्यापूर्वी गोरी मंडळी इग्नोसीकडून कबूल करून घेतात की गादी मिळाल्यावर चेटूक हुंगून माणसं मारण्याची प्रथा बंद होईल आणि चौकशीशिवाय कुणाचा जीव घेतला जाणार नाही. वाचताना हे माणुसकीचं वाटतं, आहेही. पण हे कलम हॅगार्डच्या डोक्यातून आलेलं नाही.

१ सप्टेंबर १८७३ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीचा अधिकारी थिओफिलस शेपस्टन झुलू राजा सेत्श्वायोच्या राज्याभिषेकाला हजर राहिला आणि तिथे त्याने नियम जाहीर केले: निष्कारण रक्तपात नको, उघड चौकशीशिवाय कुणाला देहदंड नको. झुलूंच्या लेखी तो समारंभाचा भाग होता. नाताळच्या गोऱ्यांच्या लेखी ती राजाने पाळायची शर्त झाली. पाच वर्षांनी, ११ डिसेंबर १८७८ ला, झुलूंना जो निर्वाणीचा खलिता दिला गेला त्यात ही वचनं मोडल्याचा ठपका होता. महिन्याभरात इंग्रज फौज झुलूलँडमध्ये शिरली. २२ जानेवारी १८७९ ला इसांडल्वानाला तिचा दणदणीत पराभव झाला, पण त्याच वर्षी राजा पकडला गेला आणि राज्य मोडलं.

हॅगार्ड या गोष्टीला दुरून बघणारा नव्हता. १८७५ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो नाताळला नोकरीला गेला. १८७७ मध्ये शेपस्टनने ट्रान्सवाल हे बोअरांचं राज्य खालसा केलं तेव्हा तो त्याच्या लवाजम्यात होता आणि प्रिटोरियात ब्रिटिश निशाण चढवायला त्याचा हात लागला. १८८२ मध्ये त्याने सेत्श्वायो आणि त्याचे गोरे शेजारी याच विषयावर पुस्तक लिहिलं. म्हणजे अशा वचनाचं पुढे काय होतं हे त्याला तीन वर्षं आधीपासून नीट माहीत होतं. कादंबरीत मात्र वचन दिलं जातं, पाहुणे हिरे घेऊन परततात आणि गोष्ट संपते. खलित्याचं पान नाही.

मराठी वाचकाला यात एक ओळखीचा माणूस भेटतो. तो खलिता पाठवणारा बार्टल फ्रिअर हा आधी साताऱ्याचा रेसिडेंट होता. १८४८ मध्ये अप्पासाहेब महाराज वारले तेव्हा तो तिथेच होता. दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करू नये असं त्याचं मत होतं, पण खालसा झाल्यावर कारभार त्यानेच पाहिला. १८६२ ते १८६७ तो मुंबईचा गव्हर्नर होता, मुंबईच्या कोटाच्या भिंती त्याच्याच काळात पाडल्या गेल्या.

तेव्हा पायवाट, इग्नोसीचं भाषण खरंच धारदार आहे. पण तो राजा आपल्या प्रजेचा न्याय कसा करणार हे आधीच पाहुण्यांनी ठरवून दिलेलं आहे.


पायवाट

हा दुवा डोक्यात नव्हता. ते वचन मी केवळ 'चांगले गोरे' दाखवायची युक्ती समजत होतो.


खग्रास

अवांतर, पण मजेशीर. आपल्या हातात कुठली आवृत्ती आहे हे ओळखायची सोपी खूण सांगतो. ग्रहणाचं प्रकरण उघडा. कॅप्टन गुडच्या खिशात पंचांगवजा पुस्तिका असते, तिच्या आधारे ही मंडळी 'आम्ही आकाशातला प्रकाश विझवतो' अशी बतावणी करतात. सुरुवातीच्या छापांत ग्रहण सूर्याचं आहे, नंतरच्या छापांत चंद्राचं.

बदल का करावा लागला? सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं आणि गोष्टीत तर आदल्या रात्री टपोरं चांदणं. शिवाय खग्रास सूर्यग्रहणाचा पूर्ण अंधार एका जागी फार तर साडेसात मिनिटं टिकतो, तेवढ्यात कुणाची सुटका आणि पलायन बसत नाही. चंद्रग्रहणात खग्रास अवस्था तासाच्या वर टिकू शकते, रात्रही असते. हॅगार्डने चूक दुरुस्त केली आणि प्रसंगाला उलट बळकटी आली.

डाव जुनाच. २९ फेब्रुवारी १५०४ ला कोलंबसने जमैकात चंद्रग्रहणाची धमकी देऊन अन्न मिळवलं होतं. कादंबरीकारांनी तो उचलला, कारण एका पानात 'आमच्याकडे विज्ञान, तुमच्याकडे भीती' असा निकाल लागतो. हिंदुस्थानात घडणाऱ्या कथेत हे चाललं नसतं. ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष गावच्या जोशीबुवांनी आधीच सांगून ठेवलेला असायचा.


दौतलेखणी

खग्रास, वाखू (वाचनखूण) साठवली. :)

पुस्तकातल्या भल्यामोठ्या दगडी रस्त्याबद्दलही याच जातीचं काही आहे. कुकुआनांच्या देशात शलमोनाचा रस्ता, प्रचंड पुतळे, खाणी. आणि ते बांधणारे आता तिथे राहणाऱ्यांचे पूर्वज नव्हेत, असं गृहीत. ग्रेट झिम्बाब्वेच्या अवशेषांबद्दल तेव्हा हेच बोललं जाई.


खापरी

त्याचा क्रम देतो.

कार्ल माउख हा जर्मन प्रवासी १८७१ मध्ये तिथे पोचला. दारावरच्या तुळईची ढलपी त्याने आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिली. दोन्ही सारखी वाटली, म्हणून हे देवदाराचं, म्हणून लेबनॉनचं, म्हणून शेबाच्या राणीचं! लाकूड तिथल्याच झाडाचं होतं. १८९१ मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या पाठबळावर थिओडोर बेंटने खणलं आणि बाहेरून आलेल्या प्राचीन लोकांचा तर्क लढवला. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हरने आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसनने थर नीट पाहून बांधकाम आफ्रिकी लोकांचंच असल्याचं दाखवून दिलं.

बेंटच्या खोदकामात काय बिघडलं? ज्या वरच्या थरांत स्थानिक खापरं होती तेच उकरून फेकले गेले. वस्तू कुठल्या थरात सापडली ही नोंद गेली की काळ ठरवता येत नाही, मग शेबा काय नि शलमोन काय, कुणालाही तिथे बसवता येतं. कादंबरीतल्या पात्रांनीही त्या रस्त्यावर चालत जाऊन तेवढंच केलं.


शब्दखूण

भाषांतराच्या बाजूने एक अडचण. कुकुआना आणि झुलू पात्रांचं बोलणं हॅगार्ड जुन्या बायबलाच्या इंग्रजीत देतो आणि गोऱ्यांचं साध्या, चालू इंग्रजीत. म्हणजे ती माणसं भारदस्त वाटतात आणि त्याच दमात जुनाट, थांबलेल्या काळातली. मराठीत आणताना तीन पर्याय समोर येतात.

मोडकी बोली दिली तर मूळाचा भारदस्तपणा जातो आणि जो अपमान लेखकानेही केला नव्हता तो आपण करून बसतो. बखरीचं वळण दिलं, 'ऐसियास', 'जाहले' वगैरे, तर वजन येतं. पण मराठी वाचकाच्या मनात बखर म्हणजे आपल्याच माणसांचा आवाज, त्यामुळे कुकुआना एकदम मावळे होतात. मला स्वतःला तिसरा बरा वाटतो: साधी, आजची, पण आखडती वाक्यं; म्हणी आणि उपमा झुलूंच्या ठेवायच्या; टोपणनावं अर्थासकट आणायची. क्वाटरमेन हा 'मकुमझान', मध्यरात्री उठून सावध राहणारा. कर्टिस 'इन्कुबू'. कॅप्टन गुड त्याच्या एकडोळी भिंगामुळे 'बुगवान'.

खरी गोची 'तू'-'तुम्ही'ची. उंबोपा पहिल्या भेटीपासून बरोबरीने बोलतो आणि क्वाटरमेनला ते खटकतं, तो त्याला टोकतोही. मराठीत उंबोपाच्या तोंडी सुरुवातीपासून 'तुम्ही, साहेब' घातलं तर क्वाटरमेन कशावर चिडला ते कळत नाही. मग त्याला 'तू' म्हणू द्या, आणि क्वाटरमेनचं त्याला 'तू' म्हणणं जसं आहे तसं राहू द्या. राजा झाल्यावर क्वाटरमेन कधी 'तुम्ही'वर येतो, येतो की नाही, हा निर्णय भाषांतरकाराला घ्यावाच लागतो. इंग्रजीत तो टाळता येतो.


मोडी_वाचक

आता आपल्या अंगणात येऊ. हेन्टीची 'अ‍ॅट द पॉइंट ऑफ द बायोनेट', मुखपृष्ठावर वर्ष १९०२, विषय मराठ्यांशी झालेली युद्धं.

नायक हॅरी लिंडसे तान्हा असताना आईबाप मराठ्यांच्या हल्ल्यात मारले जातात. सोयेरा नावाची आया त्याला उचलून पळते, अंगाला रंग लावते आणि मराठा पोर म्हणून वाढवते. मग तो मुंबईला जातो, इंग्रज होतो, पुण्याच्या दरबाराची भाषा आणि रीतभात जाणणारा म्हणून कंपनीच्या कामाला येतो.

हेन्टीची कामाची पद्धत ठरलेली होती. विषय ठरला की ग्रंथालयातून त्यावरची दहाएक पुस्तकं मागवायची, ती चाळायची आणि लेखनिकाला गोष्ट तोंडी सांगत सुटायची. शंभरावर पुस्तकं अशीच झाली. याचे परिणाम पानावर दिसतात. प्रकरणाच्या मध्येच दोन-तीन पानं इतिहासाची येतात, त्यात हॅरीचा पत्ता नसतो, आणि तो पुन्हा आला की नेमका मोठ्या माणसाच्या तंबूत उभा. शिवणीची ही जागा ओळखायला शिका. हेन्टी कुठे उतरवून घेतोय आणि कुठे रचतोय ते तिथे कळतं.

उतरवून घेतलेला इतिहास मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या (१८२६) वळणाचा. दरबार म्हणजे कारस्थान, सरदार म्हणजे लोभ, आणि कंपनी नाइलाजाने मध्ये पडते. नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी डफवर टीका लिहून तोवर तीसेक वर्षं झाली होती, राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढायला सुरुवात केली होती. हे सगळं मराठीत. लंडनच्या कपाटात ते नव्हतं.

'मूठभर इंग्रज विरुद्ध मराठ्यांचा समुद्र' या चित्राला असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) ताडून बघा. कंपनीचा सेनापती वेलस्ली, त्याच्या फौजेत बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानी. समोर शिंद्यांची कवायती पायदळं, त्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन्या या युरोपी सेनानीने घडवलेल्या परंपरेतली, आणि त्या दिवशी त्यांचा सेनानी पोलमन नावाचा हनोवरचा जर्मन. तोफखाना असा चालला की कंपनीकडचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. शिस्त, तोफा आणि युरोपी अधिकारी दोन्हीकडे होते. मग वसईच्या तहापासून (३१ डिसेंबर १८०२) पुढे पारडं कशाने झुकलं? पेशवा तैनाती फौजेत अडकला, होळकर त्या वर्षी बाजूला राहिले, आणि शिंद्यांच्या पलटणींतले कित्येक युरोपी अधिकारी कंपनीच्या बोलावण्यावरून ऐन वेळी सोडून गेले. पगार आणि करार, पुन्हा तेच. पोरांच्या गोष्टीत संगिनीचा एक हल्ला पुरतो.


बहुरूपी

हॅरीच्या अंगाला लावलेल्या रंगाबद्दल. या वाङ्मयात वेषांतर एकाच दिशेने चालतं. गोरा पोरगा रंग लावून, पागोटं बांधून बाजारात मिसळतो आणि कुणी ओळखत नाही. किपलिंगचा किम (१९०१) हा याचा कळस. त्याला रंगही नावापुरताच लागतो. उलट हिंदुस्थानी माणूस साहेबाच्या रीतीला गेला की तो विनोद. 'किम'मधला हुरीबाबू रॉयल सोसायटीचा सभासद व्हायची स्वप्नं बघतो आणि वाचकाने हसावं अशी अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात सर्वेक्षण खात्याचं वेषांतराचं खरं काम हिंदुस्थानी माणसांनी केलं. नैनसिंग रावत तिबेटात यात्रेकरू म्हणून गेला. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, म्हणजे एक फेरी दहा हजार पावलांची. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. पाऊल ठराविक लांबीचंच पडलं पाहिजे, चढावर आणि उतारावरही, नाहीतर सगळं मोजमाप बिघडतं. त्यासाठी आधी कितीतरी सराव. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. म्हणजे ज्या तऱ्हेच्या स्वप्नावर कादंबरी हसते, तसला मान एका पहाडी शाळामास्तराला ती कादंबरी येण्याच्या चोवीस वर्षं आधी मिळाला होता.

किपलिंगचा जन्म मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. त्याच्या वाक्यांत बाजार ऐकू येतो, हेन्टीच्या येत नाही. म्हणूनच 'किम'मधला म्हातारा देशी शिपाई १८५७ ला 'फौजेला लागलेलं वेड' म्हणतो तेव्हा ते सहज गळी उतरतं. साम्राज्य आणि साहित्य यांवर लिहिणारे समीक्षक एडवर्ड सैद यांनी याच जागेवर थांबून विचारलं होतं की हे मत त्या शिपायाच्याच तोंडी का.


पायवाट

मराठीत याचं काय झालं? हरिभाऊंच्या काळात ही पुस्तकं वाचली जात असणारच.


मोडी_वाचक

वाचली जात होती आणि वापरलीही गेली. हरि नारायण आपट्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी 'म्हैसूरचा वाघ' (१८९०-९१) ही कर्नल मेडोज टेलरच्या टिपूवरील कादंबरीच्या (१८४०) आधारे बेतलेली. टेलर निजामाच्या चाकरीतला, नळदुर्ग भागात कारभार केलेला. त्याची 'तारा' (१८६३) तुळजापूर आणि अफजलखान प्रकरणावर आहे. गंमत म्हणजे हेन्टीनेही १८९६ मध्ये टिपूवर पुस्तक काढलं, नाव 'द टायगर ऑफ मायसोर'.

पण हरिभाऊ तिथे थांबले नाहीत. 'उष:काल' (१८९५-९७) मध्ये वेषांतर, भुयारं, गुप्त निरोप, किल्ल्यातून पलायन हा सगळा सरंजाम आहे, फक्त तो स्वराज्याच्या बाजूने राबतो. हेन्टीची कारकीर्द लंडनमध्ये चालू असतानाच पुण्यात हे घडत होतं.


खलिता

नेमोची आठवण काढल्याशिवाय धागा पुरा व्हायचा नाही. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो मुळात रशियाच्या झारवर सूड घेणारा पोलिश सरदार व्हायचा होता. रशियातली विक्री डोळ्यासमोर ठेवून प्रकाशक हेट्झेलने ते नाकारलं. १८७५ च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर निघाला, टिपूच्या नात्यातला, १८५७ मध्ये लढलेला. इंग्रजांचा शत्रू फ्रेंच बाजारात खपण्यासारखा होता.


शब्दखूण

आणि म्हणूनच ते इंग्रजीतून वाचताना भाषांतरकाराचं नाव आधी बघा. जालावर फुकट मिळणारी प्रत बहुधा डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टनच्या नावाची असते. तीत डक्करच्या पूर्वायुष्यातला ब्रिटिशविरोधी मजकूर बदलून सौम्य केलेला आहे. तपासायचं असेल तर नेमो मरणापूर्वी आपली हकिकत सांगतो ते प्रकरण काढा आणि फ्रेंच मूळ किंवा अलीकडचं संपूर्ण भाषांतर शेजारी ठेवा. १८५७ चा उठाव कुणी आणि कशासाठी केला, या एका परिच्छेदातच फरक दिसतो. मराठीत आलेली भाषांतरं यातल्या कुठल्या प्रतीवरून झाली, हेही त्याच परिच्छेदावरून ओळखता येईल.